स्वसंरक्षण सिद्ध कुणी करायचं? आरोपीने की सरकारने?

कोलंबसकर: ओहायोत राहतो. नुकताच ज्युरीत बसून आलो. निकाल लागलाय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. पार्किंगमधली मारामारी, एकाचं डोकं फुटलेलं. आरोपीचा बचाव: स्वसंरक्षण. जज्जांनी शेवटी सूचना वाचून दाखवल्या, छापील प्रतही दिली. त्यात म्हटलं होतं की आरोपीने स्वसंरक्षणासाठी बळ वापरलं *नाही*, हे सरकारी पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं. आरोपी तर साक्षीला उभासुद्धा राहिला नाही! आमच्यातले एक आजोबा अडूनच बसले, "मग त्याने तोंड उघडायला नको?" सासरे नागपूरला वकील आहेत, तेही फोनवर आजोबांच्याच बाजूने. बरोबर कोण?

काळा_कोट: सासऱ्यांशी भांडू नका, भारतापुरतं त्यांचं बरोबर आहे. पुरावा कायद्याचं जुनं कलम 105, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 108: अपवादाचा (म्हणजे स्वसंरक्षणासारख्या बचावाचा) फायदा हवा तर तो सिद्ध करायचा भार आरोपीवर. मात्र सरकारइतकं काटेकोर सिद्ध करावं लागत नाही. त्याचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरे. आणि तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून निघालं तरी चालतं.
ओहायोतही 2019 पर्यंत भार आरोपीवरच होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये, मार्टिन खटल्यात, 5 विरुद्ध 4 मतांनी ते चालवून घेतलं होतं. तेव्हा आजोबा फक्त काही वर्षं मागे आहेत.

गिरगावचा_बंड्या: म्हणजे ज्युरीला नीट न सांगितल्याने निकाल फिरू शकतो?

काळा_कोट: फिरलाय की! नानावटी खटला, मुंबई, 1959: नौदल अधिकाऱ्यावर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप. ज्युरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. तिथे बचाव अपघाताचा होता, स्वसंरक्षणाचा नव्हे. पण तो भार आरोपीवर आहे हे ज्युरीला नीट सांगितलं नव्हतं, हा एक मोठा दोष निघाला. जन्मठेप झाली, 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. लोकांना त्यातलं प्रेमप्रकरण तेवढं आठवतं.

कोलंबसकर: आभारी आहे. आमच्याकडे सरकारच्याच व्हिडिओत समोरच्याच्या हातात लोखंडी पाना दिसत होता. तेवढा पुरावा पुरतो?

काळा_कोट: मुद्दा उभा राहायला पुरतो, मग तो खोडायचं काम सरकारचं. भांडण आरोपीनेच उकरून काढलं असं त्यांनी सिद्ध केलं असतं, तर पाना असूनही बचाव कोसळला असता.