शेवटच्या बर्फावरचे कोकणी: मार्च-एप्रिलच्या स्कीइंगचे अनुभव

गुलमर्गचा बर्फ संपायला येतो तेव्हा देवगडची पहिली पेटी वाशीला पोचलेली असते. शिमगा, पालख्या, दहावी-बारावीच्या परीक्षा, आंबा. कोकणातल्या माणसाला घर सोडायला याहून अडचणीचा महिना नाही. तरी दरवर्षी कोणीतरी जातंच, आणि आल्यावर बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तेच सांगत बसतं. एकदा सगळ्यांनी एका जागी सांगावं म्हणून हा धागा.

नुसतं 'मस्त होतं' नको. कुठे गेलात, बर्फ कसा होता, किती वाजता उतारावर होतात, काय दुखलं, ते लिहा. भाड्याचा कोट घालून फोटो काढून आलेल्यांनीही लिहायला हरकत नाही, मात्र पायात स्की चढवलेले असावेत.

देवगड, बागायतदार

मोहोर दोन खेपांत आला की फळही दोन खेपांत येतं. पहिला तोडा उतरला आणि दुसरं फळ अजून बाठा धरतंय, अशी एक फट मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात कधी कधी मिळते. त्या फटीत मी गुलमर्ग गाठतो. फवारणी झालेली असते, राखणीला माणूस असतो. वानर काही सुट्टी घेत नाहीत, पण त्यांच्यासाठी मी घरी बसून तरी काय करणार?

आधी फोनचं सांगतो, कारण धंदेवाल्याचा जीव त्यात अडकलेला असतो. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. पेट्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्याने हे घरूनच निस्तरून निघावं.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदोरीला नेतो, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही पुढे. शिकाऊ माणसाचं काम मात्र खालच्या मैदानालगतच्या उतारांवर असतं, आणि हंगाम उतरताना तिथलाच बर्फ आधी जातो. वर अजून कमरेइतका आहे, असं हॉटेलवाला सांगेल. ते खरंही असेल, पण तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. फोनवर 'खाली किती आहे?' एवढंच विचारावं.

आता बर्फाचं. सकाळी आठला उतार दगड असतो. स्कीची कड धरत नाही, नुसती खरखर ऐकू येते. दहाच्या सुमारास ऊन लागून वरचा बोटभर थर सुटतो. मूठभर उचलून बघा, शिरोड्याच्या मिठागरातल्या जाड्या मिठासारखा दाणा लागतो. त्या दाण्यावर स्की वळायला मागतात, नवख्याचंसुद्धा ऐकतात, आणि पडलं तरी फारसं लागत नाही. हे सुख दीडदोन तासांचं. बारानंतर लगदा सुरू होतो. आमचा शिकवणारा एकच्या ठोक्याला आपले स्की काढून खांद्यावर टाकायचा आणि पुढे काही बोलायचाच नाही. पैसे पूर्ण दिवसाचे घेतलेत म्हणून कोणी कुरकुर केली की हाताने उतार दाखवायचा.

रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फाची ऊब वर निघून जाते आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. दिवसा पुन्हा वितळतो. रोज असं होत होत बारीक स्फटिकांचे मोठे, गोल दाणे बनतात. ढग आले की मात्र रात्री नीट गोठत नाही आणि सकाळपासूनच लगदा. म्हणून संध्याकाळी जेवताना आभाळ बघायचं. मोहोराच्या दिवसांत ती सवय आपल्याला असतेच.

जानेवारीचा भुसभुशीत ताजा बर्फ चांगला म्हणतात. असेल. त्या थंडीत माझी बोटं चालत नाहीत.

राजापूर

बागायतदारांना एकच विचारायचं आहे. पालखी घरी यायची असते त्या दिवशी तुम्ही बर्फात? चाकरमानी मुंबईहून धडपडत येतात आणि हे उलट्या दिशेने.

देवगड, बागायतदार

पालखी घेऊन, नैवेद्य दाखवून, मग निघतो. शिमगा लांबला तर तिकीट लांबतं.

चिपळूण

मुलगी गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत शिकायला गेली होती, केंद्राच्या पर्यटन खात्याची आहे ती. हंगामातली अगदी शेवटची तुकडी मिळाली. मी तिला लोकरीचे तीन जोड मोजे भरून दिले. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं की बुटात एकच मोजा, तोही पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा. दोन मोजे घातले की घडी पडते, घडीचा फोड होतो, आणि फोड आला की कोर्स बोंबलला. माझे मोजे ती रात्री झोपताना घालायची म्हणे, माझं मन राखायला असेल.

थंडीने आजारी पडेल ही माझी भीती. परत आली ती भाजून. कपाळाला मलम लावलं होतं, पण हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला कातडी सोललेली. ऊन खालून लागतं, हे आम्हाला कुठे ठाऊक!

सावंतवाडी, डोळ्यांचा डॉक्टर

चिपळूणच्या ताईंच्या मुद्द्यावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या लोकांना वाटतं की दर्यावर वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय कौतुक. किनाऱ्यावरची कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. त्यात दर हजार मीटर उंचीला हे किरण १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. जुना, मळलेला बर्फ ताज्याइतका परतवत नाही, पण मार्च-एप्रिलचा सूर्य जानेवारीपेक्षा वर आलेला असतो आणि हवा उबदार म्हणून माणूस गॉगल कपाळावर सरकवतो. तिथेच गडबड होते.

डोळ्याच्या बुबुळाला हे भाजणं त्या वेळी कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री खोलीत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी येतं, दिवा सहन होत नाही. चोळू नये, लेन्स घालत असाल तर काढाव्यात, अंधारात पडून राहावं. बहुतेकांचं एकदोन दिवसांत निवळतं, न निवळल्यास डॉक्टर गाठावा. गॉगल बाजूनेही बंद असलेला घ्या. ढगाळ दिवशीसुद्धा.

मालवण, मास्तर

आमच्या सुट्ट्यो मे म्हैन्यात, म्हणून आमका रोहतांगच. मनालीत्सून जाताना वाटेर दुकानां, थंय कोट नि बूट भाड्यान. वर गेल्यार एक पोरगो स्की बांधता, हाताक धरून खाली नेता, परत वर आणता, झाला स्कीइंग. पण आमची आवस सत्तरीची, ती पण धा पावलां घसारली नि अशी हसली की काय सांगा! ह्येका स्कीइंग म्हणूचा की नाय, तां तुमी ठरवा.

(रोहतांगला पर्यटक गाडीला परवाना लागता आणि रोजच्या गाड्यांचो आकडो बांधलेलो आसा. आयत्या वेळेक गेल्यार मिळात ह्या भरवशार ऱ्हवा नुको.)

तारकर्ली, स्कूबा शिकवणारा

आज्जींचं धरायचंच, मास्तर.

आमचा धंदा ऑक्टोबर ते मे. त्यात मार्च म्हणजे परीक्षा, गिऱ्हाईक कमी. तेव्हा मी बर्फावर जातो. मी स्वतः रोज घाबरलेल्या माणसांना पाण्यात उतरवतो, त्यामुळे तिथे विद्यार्थी होऊन उभं राहायला मजा येते. पाण्यात घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, बर्फावर घाबरलेला मागे रेलतो. दोन्ही ठिकाणी शरीर जे सांगतं त्याच्या नेमकं उलट करायचं असतं. मागे रेललात की स्कीची टोकं हलकी होतात, वळण लागत नाही आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे झुकायचं, टोकं जवळ आणि टाचा लांब करायच्या, की गाडी थांबते. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी नडगीवर जो ठणका लागतो तो बूट सैल असल्याचा. सैल बूट आरामाचा वाटतो म्हणून सगळे तोच उचलतात. टाच जागची हलता कामा नये.

दुपारच्या लगद्याबद्दल बागायतदारांनी आवराआवरीचं लिहिलं, मी गुडघ्याचं लिहितो. लगद्यात वेग कमी म्हणून धोका कमी, असं वाटतं. पण एक स्की रुतून थांबते, शरीर पुढे जातं, आणि पीळ गुडघ्याला बसतो. जोरात आपटलं की बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटतं. हळू, पिळवटत पडलं की कधी कधी सुटत नाही. आमच्या गटातले दोघे गुडघ्याला पट्टा लावून परतले, ते दोघेही शेवटच्या 'अजून एकदा' मध्ये पडले होते. डायव्हिंगलाही आम्ही शेवटच्या 'अजून एकदा' ला नाही म्हणतो.

हे स्पष्ट लिहितो: नवशिक्या कोकणी माणसाने मार्चमध्येच जावं. जानेवारीत निम्मी ताकद थंडीशी भांडण्यात जाते.

गुहागर

पटत नाही. मी मार्चमध्ये उत्तराखंडातल्या औलीला गेलो होतो, अर्ध्या उतारावर माती वर आलेली. जोशीमठला २०२३च्या जानेवारीत घरांना तडे गेले तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे आम्ही रस्त्याने वर. नंदादेवी दिसली, तेवढ्यावर समाधान मानलं. शेवटच्या हंगामाचं गुणगान गुलमर्गपुरतं ठेवा.

रत्नागिरी, बँकेतली

गुहागरकरांचं बरोबर आहे, पण हल्ली लवकर गेलेलाही फसतो. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरला होता, बर्फच नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घेतला. आम्ही त्यानंतर गेलो, भरपूर मिळाला. तारीख बांधून घेऊ नका, रद्द करता येणारं तिकीट काढा, एवढाच यावर उपाय.

दुसरं, वरच्या टप्प्यावर जाऊन बाजूच्या मोकळ्या उतारांवर उतरायचा मोह ज्यांना होतो त्यांच्यासाठी. उन्हाळी बर्फात पाणी मुरतं आणि ओल्या बर्फाचा कडा सुटतो, म्हणजे हिमस्खलन होतं. पूर्वेचा उतार आधी सैल होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. वाटाडे त्याच क्रमाने जागा बदलतात, आणि पाय घोट्याच्या वर रुतायला लागला की उतार सोडतात. वाटाड्याशिवाय तिकडे जाऊ नये. आमच्या वाटाड्याचं गाव तंगमर्गकडचं. आरिफ खानचं नाव निघालं की त्याची छाती फुगायची. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकटा खेळाडू तोच, जायंट स्लालममध्ये, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, ४५वा आला. ४५वा म्हणजे काय ते मला त्या उतारावर उभं राहिल्यावर कळलं.

रेडी, जहाजावरचा

मी गुलमर्ग पाहिलेलं नाही. माझा बर्फ नॉर्वेतल्या नार्विकचा. आमच्या रेडीला लोखंडाची खाण आणि बंदर, म्हणून असेल, पण त्या गावात उतरल्या उतरल्या घरच्यासारखं वाटलं. स्वीडनमधल्या किरुनाचं लोखंड रेल्वेने नार्विकला येतं आणि तिथून जहाजात भरतं. आर्क्टिक वृत्ताच्या वर, ६८ अंशांवर, तरी बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथपर्यंत पोचतो. गावाच्या डोक्यावरच स्कीचा डोंगर.

एप्रिलअखेर. भरायला वेळ लागणार होता, शोअर पास, म्हणजे जहाजावरून उतरायची परवानगी, मिळाली, कॅप्टनने बजावून सांगितलं की पाय मोडून आलास तर तुला उचलून घरी पाठवायचा खर्च आणि बदली माणूस, दोन्ही माझ्या डोक्याला. मी सोप्या उतारावरच राहिलो. संध्याकाळचे आठ वाजले तरी उजेड. खाली निळा फियोर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी, आणि धक्क्याला आमचं जहाज, त्याच्या हॅच, माल भरायची तोंडं, उघड्या. स्की करताना आपल्या जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे ते पाण्यात किती बसलंय, ते बघणारा त्या डोंगरावर मी एकटाच असणार.

तिथली माणसं बर्फात खड्डा खणून, त्यावर कातडं अंथरून, सूर्याकडे तोंड करून संत्री सोलत बसतात. ईस्टरच्या सुट्टीची त्यांची ही रीतच आहे, संत्र्याशिवाय ईस्टर नाही. मलाही एका आजोबांनी अर्धं दिलं. माझ्याकडे परत द्यायला आंबोशी होती. त्यांनी ती चघळली, तोंड वाकडं केलं, आणि अजून मागितली.

दाणेदार बर्फ तिथेही तसाच होता, फक्त वेळ वेगळी. दिवस इतका लांब की सकाळी घाई करावी लागत नाही. सावली कुठे पडलीय ते बघून उतार निवडायचा.

हर्णै, मच्छीमार

सगळं वाचलं. मार्चमध्ये आम्ही समुद्रात. एप्रिल, मेमध्येही समुद्रातच. आमची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायचं तेवढं काम. तेव्हा कुठे बर्फ असेल तर सांगा, नाहीतर हा धागा बागायतदारांनाच लखलाभ.

रेडी, जहाजावरचा

आहे. जपानच्या यामागाता प्रांतात गास्सान नावाचा डोंगर आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ इतका पडतो की स्कीचं ठिकाण बंदच असतं, एप्रिलमध्ये उघडतं आणि जुलैपर्यंत चालतं. जूननंतर बर्फ खडबडीत आणि कमी होत जातो, म्हणून बंदी लागल्या लागल्या निघा.

तारकर्ली, स्कूबा शिकवणारा

आणि बूट मागताना आपला चपलेचा नंबर सांगू नका. स्कीचे बूट पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतात. भिंतीला टाच लावून, कागदावर पाऊल आखून, मोजून घेऊन जा.

हर्णै, मच्छीमार

मोजलं. एकोणतीस. चौघे आहोत, चौघांचंही असंच फताडं पाऊल. नारळी पौर्णिमेच्या आत परत यायला मिळणार असेल तर व्हिसाचं कोणाकडे विचारायचं तेवढं लिहा.