पेंडसे परिवार ग्रुप : मत आधी की लक्ष्मीपूजन?

रविवार, 23 ऑक्टोबर 2022

मेघाआत्या : कोहलीची दृष्ट काढा रे कुणीतरी. नाबाद 82!!

मंदार : बघितला आत्या, पहाटे चारला उठून. रेवती अजून बोलत नाहीये माझ्याशी. अप्पा, एक विचारायचंय. उद्या लक्ष्मीपूजन किती वाजता करू? उद्याच इथे महापालिकेचं मतदान आहे, सकाळी 10 ते रात्री 8. मी ऑफिसातून पाचला सुटतो.

अप्पा : ऐन दिवाळीत मतदान? कुणाचं डोकं हे?

मंदार : कुणाचंच नाही. कायद्यातच आहे, दर चार वर्षांनी ऑक्टोबरचा चौथा सोमवार. कॅनडातल्या आमच्या अख्ख्या ऑन्टॅरिओ प्रांतात एकाच दिवशी. यंदा नेमकी अमावास्या येऊन बसली तिथे.

सुनीलकाका : चार वर्षं झाली की निवडणूक होते?? आपोआप??

सुनीलकाका : इथे पुण्यात 14 मार्चला नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून आयुक्तच प्रशासक. निवडणूक कधी, ब्रह्मदेवाला ठाऊक.

अप्पा : मंदार, तुमच्याकडे सूर्यास्त किती वाजता?

मंदार : साडेसहाच्या आसपास.

अप्पा : मग मत आधी दे, साडेसहानंतर पूजा. अमावास्या रात्रभर आहे, लक्ष्मी थांबेल. बूथ नाही थांबत. मी एकवीस वर्षं इलेक्शन ड्यूटी केली आहे.

माई : त्यांना विचारलं मुहूर्त, सांगितली ड्यूटी.

ओंकार : दादा, कोण उभं आहे? बीजेपी-काँग्रेससारखं काय आहे तिकडे?

मंदार : देशाला, प्रांताला पक्ष आहेत. शहराला नाहीत. मतपत्रिकेवर नुसती नावं, आडनावांच्या क्रमाने. चिन्हसुद्धा नाही. महापौर आपण थेट निवडायचा. 14 वॉर्ड, प्रत्येकाचा एक नगरसेवक. शिवाय शाळांच्या बोर्डावरचा सदस्य, तोही त्याच कागदावर.

सुनीलकाका : पक्ष नाही तर शिव्या कुणाला घालता?

मंदार : नावानिशी. एकच नगरसेवक असतो, टोलवायला दुसरा कुणी नाही.

सुनीलकाका : सुखी आहात. आमच्या प्रभागात 2017 ला चार. ड्रेनेज तुंबलं की हा म्हणायचा त्याला सांगा, तो म्हणायचा तिला सांगा.

माई : चार बटणं दाबेपर्यंत ते यंत्र वाजेना. मला वाटलं बिघडलं. बाहेर रांगेतले लोक ओरडायला लागले.

अप्पा : 2002 ला तीनचा प्रभाग, 2007 ला एकाचा वॉर्ड, 2012 ला दोन, 2017 ला चार. यंदा परत तीन ठरला होता, ऑगस्टमध्ये तोही फिरवला. मुंबईत सरकार बदललं की आमच्या गल्लीची हद्द बदलते.

मंदार : अप्पा, इथेही डिट्टो! आमचं लंडन रँकिंगने मतदान करणारं कॅनडातलं पहिलं शहर. 2018 ला केलं. एकच फुली नाही मारायची, आवडीनुसार तीन नावं लिहायची. म्हणजे समजा तुम्ही लिहिलंत चकली पहिली, करंजी दुसरी, अनारसा तिसरा. चकली सगळ्यांत मागे पडली तर ती बाद, पण तुमचं मत फुकट नाही गेलं, ते करंजीला मिळालं. कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत असंच. तेव्हा महापौर ठरायला 14 फेऱ्या लागल्या.

मेघाआत्या : चकली मागे पडणारच नाही.

माई : अनारसा तिसरा??

मंदार : उदाहरण होतं माई 🙏 तर 2020 च्या नोव्हेंबरात प्रांत सरकारने एक विधेयक मंजूर केलं, नाव होतं कोविडनंतरच्या सावरण्याचं, आणि त्यातच हे रँकिंग बंद करून टाकलं. शहराला विचारलं नाही. किंग्स्टन आणि केंब्रिज या गावांनी तर जनमत घेऊन ही पद्धत मान्य केली होती, त्यांना ती एकदाही वापरायला मिळाली नाही.

सुनीलकाका : कोर्टात जा म्हणावं.

मंदार : टोरांटो गेलं होतं दुसऱ्या एका भांडणात. 2018 ला उमेदवार प्रचाराला लागलेले असताना प्रांताने त्यांच्या जागा 47 च्या 25 केल्या. सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, 2021 मध्ये 5 विरुद्ध 4 ने हरले. इथल्या घटनेत महापालिका म्हणजे प्रांताचं लेकरू. बापाने खोलीतून निघ म्हटलं की निघायचं.

अप्पा : आपल्याकडे 74 वी घटनादुरुस्ती आहे. पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते असं लिहिलेलं आहे.

सुनीलकाका : लिहिलेलं आहे 😀

ओंकार : दादा, मुद्दे काय आहेत पण? पाणी?

मंदार : पाणी नाही रे. घरभाडं, नदीकाठी तंबूत राहणारी माणसं, आणि बीआरटी, बससाठी वेगळी मार्गिका.

सुनीलकाका : देवा. बीआरटी?

मेघाआत्या : मंदार, धावत परत ये.

मंदार : 😂 पाच फाटे ठरले होते, 2019 ला कौन्सिलने उत्तर आणि पश्चिम दोन्ही पाडले. उत्तरेचा म्हणजे युनिव्हर्सिटीकडचा. त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक आहे. मालगाडी आली की डबे मोजत बसायचं. मी एकदा 112 पर्यंत मोजले, मग मोबाइल काढला.

ओंकार : आम्ही 2006 ला कात्रज-स्वारगेट केलं, देशात पहिलं. काय करू नये ते बघायला पाठव तुमच्या लोकांना. राहायची सोय आमच्याकडे.

अप्पा : रेवती, तुझं मत कुणाला? गुप्त असेल तर सांगू नकोस.

रेवती : अप्पा, मला मतच नाही. मी अजून पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, नागरिक नाही. घराच्या कागदावर दोघांची नावं, मालमत्ता कर निम्मा माझ्या पगारातून. आणि टोरांटोत राहणाऱ्या नागरिकाचं इथे नुसतं घर असलं, भाड्याने दिलेलं का असेना, तरी त्याला आमच्या वॉर्डात मत आहे.

मेघाआत्या : हे काय भलतंच.

रेवती : उमेदवाराला देणगी मात्र मी देऊ शकते, 1200 डॉलरपर्यंत. पैसे चालतात, फुली चालत नाही. म्हणून मी अंगणात पाटी लावून घेतलीय. एक उमेदवार बाई सायकलवरून आल्या होत्या, हेल्मेटसकट दारात उभ्या. पंधरा मिनिटं बसथांब्यावरच्या बाकाबद्दल बोललो. मत नाही हे मी शेवटी सांगितलं. त्या तरी दहा मिनिटं थांबल्या.

माई : चहा विचारलास का?

सोमवार, 24 ऑक्टोबर 2022

मेघाआत्या : शुभ दीपावली 🪔🪔 आणि मंदार, अभिनंदन!!! तुमच्याकडे सुनक झाला!

मंदार : आत्या, ते दुसरं लंडन.

मेघाआत्या : अरे पण थेम्स तुमच्याकडे आहे म्हणालास ना मागे?

मंदार : तीही दुसरी.

मेघाआत्या : हा मेसेज डिलीट केला आहे

मंदार : मत देऊन आलो, 5.40. रांग नाही, माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांचा कुत्रा. कागदावर खूण करायची, पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून नेऊन द्यायचा. यंत्र कागद गिळतं आणि संपलं.

अप्पा : शाई कुठल्या बोटाला?

मंदार : शाईच नाही, अप्पा.

अप्पा : मग दुसऱ्यांदा आलास तर कळणार कसं?

मंदार : यादीत नाव खोडतात.

अप्पा : यादी. बरं.

मंगळवार, 25 ऑक्टोबर 2022

माई : आज ग्रहण आहे, संध्याकाळी खाऊ नका कुणी. मंदार, तुमच्याकडे?

मंदार : इथे दिसत नाही माई. निकाल लागला. उपमहापौर होते, जॉश मॉर्गन, तेच आता महापौर. आरामात आले. पण मतदान जेमतेम पाव. चारातले तीन घरी बसले.

सुनीलकाका : होतंय त्याची किंमत नाही!! आम्हाला द्या, आम्ही करतो.

ओंकार : काका, 2017 ला तुम्ही लोणावळ्याला होतात.

सुनीलकाका : लग्न होतं ते.

अप्पा : रेवती, तुमच्या सायकलवाल्या बाईंचं काय झालं?

रेवती : पडल्या, अप्पा. आत्ता पाटी काढून न्यायला आल्या होत्या. दारातली रांगोळी बघून थबकल्या, मग लांबून गवतातून गेल्या. बुटांना सगळी ओली पानं. त्यांना चकल्या दिल्या.

माई : किती दिल्यास?

रेवती : दोन.

माई : हरलेल्या बाईला दोन? डबा द्यायचा होतास गं.