चिऊच्या पत्राला उत्तर आलं

दादा: चिऊला शाळेत गृहपाठ होता. आपल्या भागाच्या प्रतिनिधीने संसदेत दिलेलं एखादं मत निवडा आणि ते का दिलं, हे त्यांना पत्र लिहून विचारा. तिने पोलिसांवरच्या दोन विधेयकांचं विचारलं. आज उत्तर आलं, चांगली दोन पानं! मी आणि हिने अजून ग्रीन कार्डावरच दिवस काढलेत आणि चिऊ अकरा वर्षांची. म्हणजे घरात मतदार एकही नाही.

आत्या: अगो बाई. फोटो टाक की.

धाकटी काकू: ग्रुपवर राजकारण नको, असं ठरलंय ना आपलं?

आत्या: ते अमेरिकेचं आहे गं. चालतं.

दादा: फोटो रात्री टाकतो, आता थोडक्यात सांगतो. पहिलं विधेयक जॉर्ज फ्लॉइडच्या नावाचं. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरला आणि तो गेला, ते आठवत असेल. त्यानंतरचं हे. गळा आवळून धरायला बंदी, ड्रग्जच्या प्रकरणात दार न वाजवता घरात घुसायला बंदी, गैरवर्तन केलेल्या पोलिसांची देशभराची एकच नोंदवही. प्रतिनिधिगृहात २०२० मध्ये २३६ विरुद्ध १८१ ने आणि ३ मार्च २०२१ ला पुन्हा २२० विरुद्ध २१२ ने पास झालं. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकलं ते अडकलंच.
दुसरं सप्टेंबर २०२२ चं. लहान पोलीस खात्यांना भरतीसाठी, प्रशिक्षणासाठी पैसे. ३६० विरुद्ध ६४.
आमच्या साहेबांनी दोन्हीला 'हो' म्हटलंय. त्यामुळे अर्धे लोक विचारतात, पोलिसांच्या मागे का लागलात? उरलेले विचारतात, त्यांनाच वर पैसे का दिलेत?

मी: मग लिहिलंय काय?

दादा: की दोन्ही मतं एकाच कारणासाठी. दहा-पंधरा माणसांचं ठाणं असेल तर प्रशिक्षणाला माणूस सोडता येत नाही, आणि प्रशिक्षण नसलं की पहिल्या विधेयकातले नियम कागदावरच राहतात. मला पटलं. 'क्वालिफाइड इम्युनिटी'वर मात्र गडी घसरलाय. गुळमुळीत.

आत्या: ते काय असतं?

दादा: पोलिसाने हक्क डावलला म्हणून तू भरपाईचा दावा लावलास, तर कोर्ट आधी बघतं की अगदी असाच प्रकार पूर्वी कुठल्या निकालात बेकायदा ठरलाय का. नसेल ठरला तर पोलीस सुटला. सगळं भांडण तिथंच होतं. दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी सप्टेंबर २०२१ मध्ये फिसकटल्या, त्यातही हा मुद्दा होताच.

मोठे काका: आपल्याकडे वेगळं, पण चव तीच. सरकारी कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीबद्दल खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १९७, आता नव्या संहितेत २१८.

दादा: काका, तुम्हाला आवडेल असा एक किस्सा. तिथे सदस्य कार्ड घालून बटण दाबतात आणि भिंतीवरच्या फलकावर नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागतो. २०२१ च्या मतदानात टेक्ससचे लान्स गुडन, पक्ष रिपब्लिकन, यांनी चुकून हिरवं दाबलं. लक्षात येईपर्यंत मतदान संपलेलं. मग जाहीर सांगत बसले की माझा विरोधच होता. पण त्या २२० मध्ये ते आहेतच, कायमचे!

मोठे काका: आमच्या सभागृहात हा प्रसंग येणं नाही.
मी विधान भवनात प्रतिवेदक होतो, हे पोरांना माहीत नसेल. आमची पाळी मिनिटांची. पुढचा माणूस शेजारी येऊन बसला की आपली वही घेऊन उठायचं. भाषणाचा शब्द न् शब्द टिपायचो, 'हशा'सुद्धा कंसात. पण विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष म्हणणार, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. एक गलका इकडून, एक तिकडून. वहीत काय? 'विधेयक संमत झाले.' कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर चहाला गेलेलं, काही नाही. कुणी मतविभाजन, म्हणजे मोजून मतदान, मागितलं तरच नावं येतात आणि ते क्वचित मागतात.
आपल्या महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक बघा, कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने संमत. विरोध ठळकपणे कळला तो माकपच्या विनोद निकोलेंचा, कारण ते उभे राहून बोलले.

धाकटी काकू: आलं राजकारण.

मी: पण काका, नावं आली तरी काय? पक्षाचा व्हिप, मत कसं द्यायचं याचा आदेश, असतोच की.

मोठे काका: असतो. १९८५ पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची आहे, पक्षांतरबंदीची. व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणून आपल्या माणसाला 'का' विचारलं तर उत्तर एका ओळीत संपतं. चिऊच्या साहेबाला दोन पानं लिहावी लागली, कारण ते मत त्याचं स्वतःचं धरतात. मला हेवा वाटतो तो त्या दोन पानांचा. कायदे काय, दोन्हीकडे अडकतातच.

आत्या: मी आपल्या आमदारांना विचारू का? 'जनसुरक्षा विधेयकावर आपण होय म्हणालात की नाही?'

मोठे काका: नोंद नाही म्हटल्यावर ते सोयीचं सांगतील.

आत्या: मग 'त्या दिवशी हजर होतात का?' असं?

मोठे काका: सही सकाळी करून माणूस निघूनही जातो.

आत्या: अण्णा, मग विचारू तरी काय?

मोठे काका: त्या विधेयकावर बोललात का, ते विचार. बोलले असतील तर तारीख माग. कार्यवाहीत सापडेल. ते आमच्यातल्याच कुणीतरी उतरवलेलं असणार.

दादा: चिऊ विचारतेय, 'हशा' कंसात का लिहायचे?

मोठे काका: तिला म्हणावं, फोन कर. लांबलचक आहे ते.