रात्रीच्या नोंदीत आता मागून एक ओळ घालायला सांगतायत, काय करू?

रात्रपाळी_सिस्टर:
नमस्कार सगळ्यांना. कॅज्युअल्टीत काम करते, दोन वर्षं झाली. परवा नाइटला पोटात भोसकलेला पेशंट आला, बीपी लागतच नव्हतं, आम्ही तिघंच होतो. मी कात्रीने शर्ट सरळ वरून खाली कापला आणि कात्री नेमकी चाकूच्या भोकातूनच गेली. तेव्हा लक्षातही आलं नाही. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात टाकला आणि पेशंट ओटीला (ऑपरेशन थिएटरला) गेल्यावर बराच वेळ तो तिथेच पडून होता, कोणाचंच लक्ष नव्हतं. सकाळी पोलिसांनी नेला. माझ्या नोट्समध्ये कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. आता इनचार्ज म्हणतात की रात्रीच्या नोंदीत जागा शिल्लक आहे तिथे "कपडे कागदी पिशवीत सील करून दिले" एवढी ओळ घाल, सगळ्यांचीच सुटका होईल. पेशंट वाचलाय, तेवढंच समाधान. पण दोन रात्री झोप नाही. ओळ घालू का?

जुनी_सिस्टर:
नको घालूस. काही झालं तरी नको गं.

आधी एक ऐक, तू पेशंटचा जीव वाचवत होतीस आणि तो पहिलाच असतो, पुरावा त्याच्यानंतर. घाईत भोकातून कात्री गेली हा गुन्हा नाही, चूक आहे, आणि चूक लिहिता येते. खोटी ओळ मात्र एकदा लिहिलीस की तुझ्या बाकीच्या सगळ्या खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडतो, म्हणजे बीपी किती होतं, सलाईन किती वाजता लावलं, तो काय बोलला, सगळ्यावरच.

नोंद राहिली असेल तर ती आजच्या तारखेने, आत्ताची वेळ टाकून, वर "उशिरा केलेली नोंद" असं स्पष्ट लिहून करायची. घटना कधीची, लिहितेय कधी, दोन्ही वेळा. आठवतं तेवढंच, अंदाज नको. कॉम्प्युटरवर नोंद असेल तर कोण कधी आत गेलं आणि काय बदललं हे सिस्टीममध्ये राहतंच, लपत नाही.

मी एकदा साक्षीला उभी राहिलेय. जखम उजव्या दंडावर होती आणि मी घाईत "डाव्या" लिहिलं होतं, मग त्याच्यावरच गिरवून "उजव्या" केलं. एक सरळ रेघ मारून, शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ, एवढं केलं असतं तर अर्ध्या मिनिटात विषय संपला असता. वकिलाने तो कागद खिडकीकडे धरला आणि मला विचारलं, सिस्टर, खाली काय लिहिलंय वाचा जरा. पुढचा अर्धा तास फक्त त्या एका शब्दावर गेला. जखम खरी होती, मी खरी होते, तरी घाम फुटला होता.

सूक्ष्मदर्शी:
मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करतो, कपडे माझ्याच टेबलावर येतात म्हणून सांगतो.

ओलं कापड प्लास्टिकमध्ये बंद केलं की ओलावा आतच राहतो, बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात आणि डीएनए खराब होतो. म्हणून कागदी पिशवी. शक्य असेल तर आधी वाळवायचं, प्रत्येक कपडा वेगळ्या पिशवीत, घडीच्या मध्ये स्वच्छ कागद, म्हणजे एका डागाचा ठसा दुसरीकडे उठत नाही. दोन कपड्यांच्या मध्ये ग्लोव्हज बदलायचे. कापायचं तर भोक, फाटलेली जागा सोडून, शिवणीच्या बाजूने.

पण ताई, तुमच्या शर्टात दोन काप आहेत. कात्रीचा कुठला हे तुम्ही लिहिलंत तर आमचं काम सोपं होतं. नाही लिहिलंत तर आम्हाला तिथे अनोळखी काप दिसतो आणि त्यावर कोणीही काहीही गोष्ट रचू शकतं. आणि कागदी पिशवीत सील केला असं तुम्ही लिहिलंत आणि आमच्याकडे प्लास्टिकमध्ये गाठ मारलेला आला, तर? पिशवीचा फोटो निघतोच.

जाता जाता अजून एक, गोळी लागलेल्या पेशंटच्या नोट्समध्ये "एंट्री" (गोळी आत शिरली ती जखम), "एग्झिट" (बाहेर पडली ती) असं नर्सने किंवा कोणीच अंदाजाने लिहू नये. जागा, माप, आकार, कडा कशा दिसतात एवढंच लिहायचं. जखमेच्या रंगावरून ती किती दिवसांची हेही नको, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

वॉर्ड_नंबर_सात:
सगळं पटतं, पण मला राग येतोय. तीन माणसं, मरणाच्या दारातला पेशंट, कागदी पिशव्या कुठल्या कपाटात हे कोणी दाखवलेलं नाही, आणि शेवटी सही कोणाची, तर नर्सची. ओळ घालायला सांगणारे उद्या साक्षीला येणार नाहीत, तूच जाणार. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, तिच्यात आपली पहिली जबाबदारी पेशंटशी सांगितलीय. इनचार्जशी नाही, हॉस्पिटलच्या अब्रूशीही नाही. आणि ती खोटी ओळ उद्या त्या पेशंटच्याच केसच्या आड येणार आहे, हे त्यांना सांग. तोंडी नको, लेखी सांग.

जुनी_सिस्टर:
तो काही बोलला होता का गं? बोलला असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. "पेशंटचा असा दावा आहे" असलं लिहू नकोस, त्यातून आपल्यालाच शंका आहे असं वाटतं. "पेशंट म्हणाला" बस.

रात्रपाळी_सिस्टर:
बोलला होता. "मागून आला, तोंड नाही दिसलं." हे मात्र मी रात्रीच लिहिलंय, तसंच्या तसं.

आज सकाळी उशिराची नोंद केली. शर्ट मी कात्रीने कापला, समोरून, गळ्यापासून खाली, काप पोटावरच्या भोकातून गेला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, सील नव्हतं, ओटीला नेल्यापासून पोलीस येईपर्यंत पिशवीपाशी कोणी नव्हतं. इनचार्जना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या तुझी सही आहे, तू बघ.

लिहिताना अजून एक आठवलं. त्याच्या पँटच्या खिशात किल्ल्या होत्या, त्या मी भावाला दिल्या. त्यांचा केसशी काही संबंध नसेल, पण ते पण लिहू?

जुनी_सिस्टर:
लिही. किती किल्ल्या, कोणाच्या हातात दिल्या, साधारण किती वाजता. आणि पहिल्या नोंदीत घुसडू नकोस, खाली वेगळी, परत नवीन वेळ टाकून.