राज्यवर्ष आणि इसवी सन : हिशेब नेमका कुठे चुकतो

राज्यवर्ष म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष. 'इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा याचं 20वं राज्यवर्ष म्हणजे 1679-80' असा एक हिशेब मांडला जातो. तो 1660 ला गादीवर बसला म्हणून तिथून मोजलं, पण दप्तरात तसं मोजत नाहीत. बापाचा शिरच्छेद झाला त्या 30 जानेवारी 1649 पासूनच त्याचं पहिलं वर्ष धरतात. मधली क्रॉमवेलची, म्हणजे राजाविना कारभाराची वर्षं जणू झालीच नाहीत! म्हणजे 20वं वर्ष 30 जानेवारी 1668 ते 29 जानेवारी 1669. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देणारी 27 मार्च 1668 ची सनद याच वर्षातली.

दुसरी गोम : इंग्लंडात 1752 पर्यंत कायदेशीर नवं वर्ष 25 मार्चला लागे. त्यामुळे शिरच्छेदाची तारीख जुन्या कागदांत 30 जानेवारी 1648 अशी दिसते. 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या तारखेला सनात एक मिळवा, मगच राज्यवर्ष काढा.

सगळ्यात वैताग इंग्लंडच्याच जॉन राजाचा. त्याचं वर्ष ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून, आणि तो सण ईस्टरबरोबर सरकतो. दुसरं वर्ष 350 दिवसांचं, तिसरं (3 मे 1201 ते 22 मे 1202) तब्बल 385 दिवसांचं. त्यात 10 मे दोनदा येतो, तेव्हा नुसत्या तारखेवर विसंबू नका, वारही पाहा.