ताप नव्हता, तरी फ्लूच होता

आईला मागच्या वर्षी फ्लूची लस दिली, यंदा परत कशाला, असा प्रश्न पडतो ना? परत द्याच. हा विषाणू सारखा रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. शिवाय लसीचं बळ काही महिन्यांत ओसरतं. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आम्ही इंदूरला पावसाच्या आधी, मे महिन्यातच उरकून घेतो.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंची लस राहून गेली. एका सकाळी त्यांनी पोह्यांची बशी तशीच बाजूला सारली, वरची शेवसुद्धा चिवडली नाही. मला म्हणाल्या, "अगं, आपण देवासला घरी कधी जायचं?" देवास सोडून त्यांना चाळीस वर्षं झालीत! थर्मामीटरवर ९८.८. उतारवयात ताप चढेलच असं नसतं हो. खाणं सुटणं, गोंधळल्यासारखं बोलणं एवढंच दिसतं कधी कधी. तपासणीत फ्लू निघाला. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं, आणि आम्ही तेवढ्यात पोचलो म्हणून निभावलं.

लसीनेच फ्लू होतो ही भीती काढून टाका. सुईने देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही टोचून घ्या, आमच्याकडे आजार त्यांच्याकडूनच आजीपर्यंत पोचला होता.