अर्धशिशी, पित्त आणि गोळीची वेळ
पित्त उठले की डोके धरते आणि उलटी काढली की उतरते, म्हणजे मूळ दुखणे पोटाचेच, असे अर्धशिशीवरच्या या चर्चेत दोघा-तिघांनी लिहिले आहे. उलटीनंतर अनेकांना आराम पडतो हे खरे; परंतु अर्धशिशी हा मेंदूशी निगडित विकार असून मळमळ व उलटी ही त्याचीच लक्षणे आहेत, आणि झटक्याच्या काळात जठराची हालचाल मंदावत असल्याने उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहू शकते. माझ्या आईचे वर्षानुवर्षे हेच चालले होते: पडदे ओढून, कपाळाला फडके घट्ट आवळून ती ‘पित्त पडण्याची’ वाट पाहत असे, अगदी असह्य झाल्यावर गोळी घेई आणि ती तशीच उलटून पडे. दुखणे सौम्य असतानाच, मळमळीच्या औषधासह घ्यायला डॉक्टरांनी सांगितल्यावर तीच गोळी लागू पडू लागली.

मात्र साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान गटातील (खास अर्धशिशीच्या झटक्यासाठीच्या) वा संयुक्त (एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या) गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. म्हणून दुधाचे खाडे लिहितो त्याच कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांचीही खूण करावी. खुणा वाढू लागल्यास रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. त्यांतले प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही, तेव्हा दमा असल्यास तो आधीच सांगावा.